लाखोळीची डाळ आणि पांगळी गावे

ताप्तीकाठच्या बऱ्हाणपुरात आयुर्वेद व युनानी या दोन्ही वैद्यकांची महाविद्यालये आहेत. आयुर्वेदाचा विद्यार्थी वातव्याधींच्या प्रकरणाशी पोहोचला की त्याची गाठ एका चमत्कारिक नावाच्या रोगाशी पडते. ते नाव म्हणजे 'कलायखंज'. रोगी चालावयास निघाला की आधी थरथर कापतो, मग लंगडत पावले टाकतो आणि त्याच्या सांध्यांची बंधने सुटल्यासारखी दिसतात, असे सुश्रुतसंहितेने त्याचे वर्णन केले आहे. खंज म्हणजे लंगडा, आणि कलाय हे वाटाण्याच्या जातीच्या कडधान्याचे नाव. रोगाला अवयवाचे, दोषाचे किंवा लक्षणाचे नाव मिळावे हे साहजिक आहे. परंतु त्याला ताटातल्या अन्नाचे नाव मिळावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी होय. सोळाव्या शतकातील भावमिश्राने तर आपल्या भावप्रकाशात 'त्रिपुट' नावाचे धान्य माणसाला लंगडा व पांगळा करते असे स्पष्टच सांगून ठेविले. हे त्रिपुट म्हणजेच आपली लाख अथवा लाखोळी. हिंदी मुलखात तिला कुठे तेवडा, कुठे खेसारी म्हणतात.

बऱ्हाणपूरच्या आसपास तूर, उडीद व मूग पिकतात. लाखोळीचा खरा मुलूख नर्मदेपलीकडचा आहे. सागर, रेवा, छत्तीसगड आणि खाली विदर्भातले भंडारा व चांदा या भागांत ती पिढ्यान्‌पिढ्या पेरली जात आली. भाताच्या उभ्या पिकात, बांधीत ओल असतानाच बी फेकून द्यावयाचे. नांगरट नको, खत नको, पाणी नको. भात कापून झाला की त्याच्या धसकटांतून निळ्या फुलांचा गालिचा वर येतो. पाऊस जास्त झाला तरी हे पीक तग धरते आणि मुळीच झाला नाही तरी तग धरते. दाण्यात चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक प्रथिने असतात. गरिबाच्या शेतासाठीच निर्माण झालेले असे धान्य शोधूनही सापडावयाचे नाही. आणि याच धान्याने हजारो माणसांचे पाय नेले!

दुष्काळ ही बऱ्हाणपूरला ऐकीव गोष्ट नव्हे. इ. स. १६३० ते १६३२ या काळात गुजरात व दख्खनवर जो भयंकर दुष्काळ कोसळला, त्या वेळी शाहजहान बादशहाचा तळ याच शहरात होता. बादशहाने येथे लंगरखाने उघडले व दर सोमवारी पाच हजार रुपये गरिबांस वाटण्याचा हुकूम दिला, असे त्याच्या दरबारी इतिहासात नमूद आहे. सुरतेहून आग्र्यास निघालेला इंग्रज प्रवासी पीटर मंडी हा त्या दिवसांत बऱ्हाणपूरवरून गेला आणि वाटेवरील उपाशी माणसांची हकीकत त्याने लिहून ठेविली. अशा काळी माणूस काय खातो, याला धरबंध राहत नाही. लाखोळीच्या रोगाचा इतिहास हा मुळात अशाच काळांचा इतिहास आहे.

त्याचे आपल्या प्रांतातील पहिले तपशीलवार चित्र एका अशा माणसाने रेखाटले, की जो वैद्य नव्हता. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून ज्याचे नाव सर्वांस ठाऊक आहे तो विल्यम स्लीमन १८३५ साली जबलपुराहून हिमालयाकडे जाण्यास निघाला. सागरकडील एका खेड्यात त्याचा तंबू पडला असता गावातील व आसपासची तरुण माणसे खुरडत, काठ्या टेकीत त्याच्याभोवती जमली आणि काही उपाय सांगा म्हणून विनवू लागली. १८२९ मध्ये गारपिटीने गहू झोपला होता. १८३० मध्ये अवेळी पावसाने तो कमी आला. १८३१ मध्ये तांबेऱ्यासारख्या रोगाने तो बुडाला. या तीनही वर्षांत गव्हात आपोआप उगवणारा, एरवी गुराढोरांस घालावयाचा तेवडा मात्र जोमाने वाढला. लोकांनी तोच खळ्यावर आणला व पुढची दोन वर्षे त्यावरच काढली. १८३३ मध्ये तिशीच्या आतील माणसांचे कंबरेखालचे अंग लुळे पडू लागले. पुष्कळांना तर रात्री झोपेतच हा झटका आला. त्या वर्षी व पुढल्या वर्षी मिळून त्या गावातील निम्म्या तरुणांवर हा प्रसंग गुदरला. १८३४ नंतर नवा रोगी झाला नाही. पण एकदा गेलेले पाय कोणाचेच परत आले नाहीत. स्त्रियांपेक्षा पुरुष अधिक बळी पडले, हेही स्लीमनने टिपले. जनावरांना फार तेवडा घातला तर त्यांचे पाय जातात हे शेतकऱ्यांस पूर्वीपासून माहीत होते. मग जो नुसता दाणाच खातो त्या माणसाचे काय होईल, असा त्याने प्रश्न केला आहे. १८४४ मध्ये त्याचे प्रवासवर्णन छापून निघाले. आजचा एखादा साथरोगतज्ज्ञ याहून फारसे निराळे प्रश्न विचारणार नाही.

पुढे अलाहाबादचा सिव्हिल सर्जन जेम्स अर्व्हिंग याने यमुनेच्या दक्षिणेकडील परगण्यांत गावोगाव जाऊन पांगळ्यांची मोजदाद केली आणि १८५९ पासून आपले अहवाल प्रसिद्ध केले. इटलीत नेपल्सच्या अर्नाल्दो कांतानी या वैद्याने १८७३ मध्ये लाखोळीच्या शास्त्रीय नावावरून या व्याधीस 'लॅथिरिझम' हे नाव दिले. १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दोन दुष्काळांनी मध्यप्रांत होरपळून निघाला. बऱ्हाणपूर ज्या निमाड जिल्ह्यात मोडत होते तो जिल्हाही त्या वेळी नागपूरच्या कारभाराखालील याच प्रांतात होता. या दुष्काळांच्या पाठोपाठ प्रांताच्या लाखोळी पिकविणाऱ्या भागात पांगळ्यांची संख्या एकाएकी वाढली. अँड्र्यू ब्यूकॅनन या सरकारी डॉक्टराने १८९६ ते १९०२ या वर्षांची पाहणी करून लिहिलेला अहवाल १९०४ साली नागपुरास छापला गेला. सरकारी अहवालांचे जे व्हावयाचे तेच बहुधा त्याचेही झाले. तो कपाटात गेला आणि लाखोळी पुन्हा शेतात आली.

हा केवळ हिंदुस्थानचाच शाप आहे असे मात्र कोणी समजू नये. जर्मनीतील व्युर्टेम्बेर्गच्या ड्यूकने १६७१ मध्येच लाखोळीच्या पिठाची भाकरी करण्यास बंदी घातली होती. नेपोलियनच्या फौजांनी स्पेन व्यापले असता १८११–१२ मध्ये माद्रिदमध्ये दुष्काळ पडला व लोक या पिठावर जगले. थोर चित्रकार गोया याने युद्धाच्या आपत्तींवर जी चित्रमालिका कोरली, तीतील एका चित्रात हे पीठ वाटून घेणारे भुकेलेले लोक दाखविले आहेत आणि त्याला नाव दिले आहे 'लाखोळीची कृपा'. या उपरोधातली कळ समजावयास स्पॅनिश भाषा यावी लागत नाही.

आता हा रोग नेमका कसा असतो ते पाहू. तरुण, धट्टाकट्टा मजूर दोन-तीन महिने जवळजवळ लाखोळीवरच राहतो. एके दिवशी श्रम करून परतताना, किंवा थंडीपावसात भिजल्यावर, त्याच्या पोटऱ्यांत गोळे येतात व पाय जड होतात. पुढे गुडघे वाकेनासे होतात, टाचा उचलल्या जातात, चवड्यांवर चालावे लागते आणि चालताना मांड्या कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींवर येतात. हातांची शक्ती बहुधा शाबूत राहते. बुद्धी, वाचा, दृष्टी यांस धक्का लागत नाही. पायांना स्पर्श कळतो, वेदना कळते. फक्त हुकूम पोहोचत नाही. मेंदूपासून मज्जारज्जूतून खाली पायांपर्यंत हालचालीचा निरोप नेणारे जे लांबच लांब तंतू आहेत, तेच नेमके नासतात. जुन्या ग्रंथात सांध्यांची बंधने सैल झाल्याचे म्हटले आहे. आजच्या डॉक्टरांस मात्र तेथे सैलपणाऐवजी लाकडासारखा ताठरपणा आढळतो. पहिली थरथर व ती लंगडी चाल मात्र दोन्हीकडे सारखीच आहे.

कारण लाखोळीतच आहे, हे शेतकऱ्यास ठाऊक असताना शास्त्राने मध्येच वाट चुकावी, हा या कथेतील मोठा विलक्षण भाग होय. १९२५ मध्ये अँडरसन, हॉवर्ड आणि सायमन्सन या तिघा संशोधकांनी असा निष्कर्ष काढला की, शुद्ध लाखोळी निरुपद्रवी असून तिच्यात मिसळणारे 'अकटा' नावाचे तणच खरे अपराधी असले पाहिजे. यांतील अल्बर्ट हॉवर्ड म्हणजे ज्याने पुढे इंदुरास राहून कंपोस्ट खताची 'इंदूर पद्धती' जगाला दिली तोच. माणूस मोठा होता, म्हणून त्याची चूकही दीर्घायुषी ठरली. दुसरी चकवाचकवी प्रयोगशाळेत झाली. पाश्चात्य संशोधकांनी उंदरांना बागेतल्या सुवासिक 'स्वीट पी'च्या बिया खाऊ घातल्या. लाखोळीचीच ती दूरची बहीण. उंदरांची हाडे वाकडी झाली. पण माणसाच्या रोगात हाडांना काहीच होत नाही. १९५४ मध्ये त्या बियांतील विषही सापडले, परंतु ते निराळ्याच रोगाचे विष होते. उंदीर, कोंबड्या, माकडे यांच्यावरील प्रयोग कधी फळत, कधी फसत. आणि प्रयोग फसला की लाखोळी निर्दोष सुटे.

दरम्यान एक प्रयोग माणसांवरच झाला, आणि तो करणारे शास्त्रज्ञ नव्हते. दुसऱ्या महायुद्धात रुमानियाच्या ताब्यातील वाप्न्यार्का येथील छावणीत सप्टेंबर १९४२ मध्ये सुमारे बाराशे यहुदी कैदी आणले गेले. त्यांना रोज ४०० ग्रॅम लाखोळी शिजवून व थोडी सातूची भाकरी दिली जाई. काही महिन्यांतच शेकडो माणसांचे पाय ताठरले. कैद्यांपैकीच एक असलेल्या डॉ. आर्थर केसलर यांनी हा लॅथिरिझम आहे हे ओळखले, अन्न बदलून मिळावे यासाठी अधिकाऱ्यांशी झगडा केला आणि सुटकेनंतर पुढील आयुष्यभर या रोग्यांची शुश्रूषा व अभ्यास केला. तेथे अकटा नव्हता आणि जुना दुष्काळही नव्हता. होती ती फक्त लाखोळी, आणि दुसरे काही खाण्याची बंदी.

स्वातंत्र्यानंतर मध्यप्रदेशात या रोगाचा पद्धतशीर पाठपुरावा रेव्यास झाला. डॉ. द्विवेदी व डॉ. प्रसाद यांनी रेवा जिल्ह्याच्या खेड्यांत हिंडून केलेली पाहणी १९६४ साली प्रसिद्ध झाली. त्यांच्या क्षेत्रात रोग्यांचे वर्ग कसे पाडतात हे ऐकण्यासारखे आहे: बिनकाठीचा, एका काठीचा, दोन काठ्यांचा आणि रांगणारा. या वर्गवारीस यंत्र लागत नाही की रक्ताची परीक्षा लागत नाही. रोगी दारात आला की त्याची पायरी कळते.

त्याच १९६४ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा व शर्मा यांनी लाखोळीच्या दाण्यातून एक अमिनो आम्ल वेगळे काढले; दिल्ली विद्यापीठात मूर्ती, शेषाद्री व वेंकटसुब्रमण्यन यांच्या हातीही तेच लागले. कोंबडीच्या कोवळ्या पिलांना ते टोचले असता त्यांच्या माना ताठ होत व त्यांस झटके येत; मोठ्या कोंबड्यांना मात्र काही होत नसे. पूर्वीचे इतके प्रयोग का फसले असावेत, याचा उलगडा येथे होऊ लागला. या द्रव्याची करणी फार कपटी आहे. एक मज्जापेशी दुसरीला निरोप देते तो ग्लुटामेट नावाच्या द्रव्याच्या द्वारे. लाखोळीतील हे आम्ल त्या ग्लुटामेटचा वेष घेऊन दारावर थाप मारते. पेशी दार उघडते. आणि थापा काही थांबत नाहीत. अखेर अतिश्रमाने पेशीच मरते. १९८६ मध्ये पीटर स्पेन्सर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आम्ल आणि लाखोळी माकडांना देऊन त्यांच्यात रोगाची लक्षणे निर्माण झाल्याचे दाखविले. त्या निबंधाच्या लेखकांत रेव्याच्या डॉ. द्विवेदींचेही नाव आहे. आणखी एक क्रूर गोष्ट पुढे ध्यानात आली. पाऊस ओढ देतो तेव्हा दाण्यातील विषाचे प्रमाण वाढते. म्हणजे ज्या वर्षी माणसाला केवळ लाखोळीवरच जगावे लागते, नेमके त्याच वर्षी ती अधिक विखारी होते.

उपचाराविषयी फार बोलण्यासारखे नाही. मेलेली मज्जापेशी पुन्हा उभी राहत नाही. स्नायूंचा ताठरपणा कमी करणारी औषधे आहेत, अंगाला व्यायाम देता येतो, आखडलेल्या शिरा काही रोग्यांत शस्त्रक्रियेने सैल करता येतात. लाखोळी वेळीच सोडली तर रोग बहुधा आहे त्या पायरीवर थांबतो. एका काठीचा मनुष्य दोन काठ्यांवर जात नाही. इथिओपियासारख्या देशात विसाव्या शतकाच्या अखेरीसही या रोगाच्या साथी आल्या आणि तेथील डॉक्टरांनीही हीच औषधे वापरून पाहिली. रोग बरा करण्याचा नसून टाळण्याचा आहे, यावर सर्वांचे एकमत आहे.

आणि टाळावयाचा कसा? येथे वैद्यकाची हद्द संपते व जमीनदाराचे खळे सुरू होते. रेवा व सतना भागांत कर्जापायी बांधल्या गेलेल्या शेतमजुरांना मजुरी रोख मिळत नसे. ती धान्यात मिळे, आणि ते धान्य बहुतेक वेळा लाखोळीचे असे. गहू मालकाच्या कोठारात आणि बाजारात जाई. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात भुकेने व्याकूळ झालेला एसाव ताटभर डाळीसाठी आपला ज्येष्ठत्वाचा हक्क धाकट्या भावास विकून टाकतो, आणि वाचणारा त्याच्या उतावळेपणाबद्दल त्याला दोष देतो. रेव्याच्या मजुराला तसा दोषही देता येत नाही. कारण सौदा ठरवितेवेळी त्याला विचारलेच कोणी नव्हते. त्याच्याच गावात मालकही लाखोळी खात असे. पण गव्हाच्या पोळीबरोबर, वाटीभर. त्याचे पाय धड राहत. रोजच्या आहाराचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक लाखोळी झाली आणि ती महिनोन्‌महिने चालली, तरच धोका उभा राहतो. विदर्भातील कितीतरी घरांत लाखोळीचे वरण व वडे पिढ्यान्‌पिढ्या होत आले आणि तेथील माणसे चालत राहिली, याचे कारण हेच.

१९६१ मध्ये केंद्र सरकारने अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत दुरुस्ती करून लाखोळीची विक्री मना करण्याची तरतूद केली. राज्यांनी ती आपापल्या सवडीने अमलात आणली. यात भेसळीचाही प्रश्न होता. लाखोळीची डाळ दिसावयास तुरीच्या डाळीसारखी, आणि तिचे पीठ बेसनात सहज खपते. त्यामुळे बऱ्हाणपुरासारख्या, जेथे हे पीक कोणी डोळ्यांनी पाहिले नाही अशा शहरातल्या गृहिणीलाही या कायद्याशी कर्तव्य होते. परंतु बंदी विक्रीवर होती, पेरणीवर नव्हती. कायद्याने दुकानाला कुलूप लावले, खळे उघडेच ठेविले. विकता न येणारे धान्य मजुरीत देऊन टाकणे मालकाला उलट सोयीचेच झाले असणार.

हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेत डॉ. गोपालन यांच्या सहकाऱ्यांनी निराळी वाट धरली. लाखोळीची डाळ भरपूर कढत पाण्यात भिजत घालून ते पाणी ओतून दिले, तर विषाचा मोठा हिस्सा त्याबरोबर निघून जातो, असे त्यांनी १९६० नंतरच्या दशकात दाखविले. युक्ती सोपी, घरगुती व बिनखर्चाची. बिनखर्चाची खरी, पण ज्याच्या घरी सरपण विकत आणावे लागते आणि पाणी कोसावरून येते त्याच्यासाठी नव्हे. शिवाय त्या पाण्याबरोबर काही जीवनसत्त्वेही वाहून जातात. तिसरी वाट कृषिशास्त्रज्ञांची. कमी विषाच्या जाती निपजविण्याचे काम दिल्ली व रायपूर येथे चालले. 'पुसा २४' ही जात १९७० नंतरच्या दशकात आली, पुढे 'रतन' व 'प्रतीक' आल्या आणि २००८ मध्ये रायपूरच्या कृषी विद्यापीठाची 'महातेवडा' आली. त्यांच्या दाण्यात हे आम्ल जुन्या जातींच्या मानाने पुष्कळच कमी असते. अडचण एवढीच की, पाखरे व मधमाश्या बांध ओळखीत नाहीत. शेजारच्या शेतातील जुन्या जातीचे पराग नव्या जातीवर पडतात, दाणा मिसळतो आणि काही हंगामांनी बियाणे पुन्हा जुन्या वळणावर जाऊ लागते.

रोजगाराच्या रोख मजुरीने, स्वस्त धान्याच्या दुकानांतून मिळणाऱ्या गव्हातांदळाने आणि वेठबिगारीविरुद्धच्या १९७६ च्या कायद्याने जे केले ते यांपैकी कोणत्याही एका उपायाहून मोठे आहे. मजुराच्या ताटात दुसरे धान्य येताच नवे रोगी दिसणे विरळ होत गेले. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांतही लाखोळीच्या विक्रीवरील निर्बंध राहिला. तो उठवावा की ठेवावा यावर शास्त्रज्ञांत व शेतकऱ्यांत बराच वाद झाला. दोन्ही बाजूंना आपापले पुरावे आहेत. मधल्या काळात छत्तीसगडच्या भातबांध्यांत उतेऱ्याचे बी पडतच राहिले आणि माघ महिन्यात धसकटांवर निळी फुले येतच राहिली.